बारा किलोमीटरवर फुग्याचा ट्रॅकर गप्प का होतो?

हवामानाच्या फुग्याला कॅमेरा बांधून तो ३० किलोमीटरपर्यंत पाठवणाऱ्या हौशी गटांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. फुगा व्यवस्थित सुटतो, पहिली चाळीस मिनिटे ट्रॅकर दर काही सेकंदांनी आपले स्थान कळवत राहतो, उंची सेकंदाला सुमारे पाच मीटर या हिशेबाने वाढत जाते आणि मग १२ किलोमीटरच्या अगदी अलीकडे स्थान येणे एकाएकी थांबते. रेडिओचा सूर मात्र जमिनीवर ऐकू येत असतो, संदेशांचे अनुक्रमांकही पुढे सरकत असतात. फक्त त्यांतले अक्षांश, रेखांश आणि उंची एक तर शून्य झालेली असतात किंवा शेवटच्या आकड्यावर गोठलेली असतात. पुढच्या खेपेला पेटीत थर्माकोलचा आणखी एक थर लावला जातो, बॅटरी मोठी घेतली जाते, आणि फुगा पुन्हा त्याच उंचीवर मुका होतो.

या सगळ्यात थंडी हा सोयीचा आरोपी ठरतो, कारण बाहेर उणे ५५ अंश सेल्सिअस असताना काहीही बिघडू शकते असे आपल्याला सहज पटते. परंतु थंडीने होणारा बिघाड एकाच उंचीवर नेमाने होत नाही. पेटीची जाडी, बॅटरीचे वय, ऊन आणि उड्डाणाची वेळ यांप्रमाणे तो मागेपुढे सरकतो. दोन वेगवेगळ्या पेट्या दोन वेगवेगळ्या महिन्यांत एकाच आकड्यावर थांबत असतील, तर कारण हवेत नसून कोणीतरी लिहून ठेवलेल्या एखाद्या मर्यादेत असते, आणि ती मर्यादा कोणती हे बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो.

आधी थांबण्याची उंची पाहा

म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी नोंदींमधील शेवटचे खरे स्थान शोधावे आणि त्याची उंची मीटरमध्ये तसेच फुटांमध्ये लिहून काढावी. साडेसहा हजार मीटरच्या आसपास निरोप थांबला असेल आणि पेटीत ट्रेकिंगसाठी विकला जाणारा स्पॉट जातीचा उपग्रह-ट्रॅकर असेल, तर त्याची जाहीर केलेली मर्यादाच ६,५०० मीटर आहे. तो बिघडलेला नाही. तो उतरल्यावर पेटी शोधण्यासाठी ठेवावा, चढाईचा माग घेण्यासाठी नव्हे. उंची ९,९८७ मीटरनंतर एकदम उणे झाली असेल, तर ती फुटांत मोजून सोळा बिटांच्या चिन्हांकित चलात (प्रोग्रॅममधील संख्येच्या कप्प्यात, ज्यात उणे संख्याही मावतात) ठेवली जात आहे, कारण अशा चलात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही आणि ३२,७६७ फूट म्हणजेच ९,९८७ मीटर. हाच चल मीटरमध्ये वापरला असेल तर हीच गंमत ३२,७६७ मीटरवर, म्हणजे फुगा फुटण्याच्या ऐन बेतात दिसते. चिन्हविरहित चलात फुटांची उंची ठेवली असेल तर ती १९,९७५ मीटरला पुन्हा शून्यापासून सुरू होते. आर्डुइनो या हौशी लोकांच्या छोट्या संगणक-बोर्डाच्या साध्या आठ-बिटी प्रकारांवर साधा पूर्णांक चल सोळा बिटांचाच असतो आणि संगणकावर तोच प्रोग्रॅम तपासताना तो बत्तीस बिटांचा होतो, त्यामुळे टेबलावर सर्व काही बरोबर दिसते. दहा हजार मीटरला बरोबर अडणाऱ्या ट्रॅकरमध्ये उंचीच्या अंकांसाठी चारच जागा राखलेल्या असतात, पाचवा अंक आला की पुढचे सारे रकाने एक घर सरकतात आणि वाचणारा प्रोग्रॅम ती ओळ टाकून देतो.

स्पॉटचा अपवाद सोडल्यास या सर्व प्रकारांत जीपीएस निर्दोष असतो आणि चूक आपल्या प्रोग्रॅममध्ये असते. ती ओळखायला सोपी आहे, कारण जीपीएस मॉड्यूलकडून, म्हणजे उपग्रहांवरून स्थान काढणाऱ्या भागाकडून येणारी कच्ची ओळ मेमरी कार्डावर साठवली असेल तर तीत योग्य उंची दिसते. कच्च्या ओळी कार्डावर साठवण्याची सोय नसलेला ट्रॅकर उडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्याशा कंटाळ्यापायी पुढचे संपूर्ण निदान अंदाजावर सोडावे लागते.

१८,००० मीटरवर थांबणारे मॉड्यूल मात्र खरोखर जुन्या निर्यात-निर्बंधांचे पालन करत असते. क्षेपणास्त्रात वापर होऊ नये म्हणून १८,००० मीटरपेक्षा अधिक उंची आणि १,००० नॉटपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५१५ मीटरपेक्षा अधिक वेग असताना जीपीएस रिसीव्हरने स्थान देऊ नये, अशी ती अट होती. काही उत्पादकांनी तिचा अर्थ दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या तरच थांबायचे असा घेतला, तर काहींनी दोहोंपैकी एक घडली तरी थांबायचे असा घेतला. फुगा ५१५ मीटरच्या वेगाच्या जवळपासही जात नसल्याने पहिल्या प्रकारचे मॉड्यूल त्याला चालते. दुसऱ्या प्रकारावर सेटिंगचा काही उपाय नसतो; मॉड्यूल बदलणे एवढेच हाती राहते.

बारा हजारांचे कोडे

आता मुख्य तक्रारीकडे येऊ. हौशी ट्रॅकरांमध्ये यू-ब्लॉक्स कंपनीच्या चिप, विशेषतः निओ-६एम आणि तिच्या पुढची आठव्या पिढीची मॉड्यूल, सर्वाधिक आढळतात. या चिप आपण कोणत्या वाहनावर बसलो आहोत याचे एक गृहीतक धरून चालतात आणि त्याला डायनॅमिक मॉडेल म्हणतात. कारखान्यातून येताना ते ‘पोर्टेबल’ असते. त्यात उंचीची कमाल मर्यादा १२,००० मीटर आणि उभ्या वेगाची ५० मीटर प्रतिसेकंद असते. हातात धरलेले यंत्र एव्हरेस्टच्या वर जाणार नाही, या समजुतीने चिप १२,००० मीटरपलीकडचे उत्तर चुकीचे ठरवून फेटाळते. ‘ऑटोमोटिव्ह’मध्ये तर ही मर्यादा ६,००० मीटरच असते, त्यामुळे कोणी वाहनांसाठीचा तयार प्रोग्रॅम उचलून वापरला असेल तर मौन त्याहून लवकर सुरू होते. ‘एअरबोर्न’ गटातील तीन मॉडेलांची मर्यादा मात्र ५०,००० मीटर आहे. त्यांतले एक-जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) त्वरणापर्यंतचे मॉडेल, ज्याचा क्रमांक ६ आहे, ते फुग्यासाठी योग्य ठरते.

कच्च्या नोंदींत हा प्रसंग अगदी स्वच्छ दिसतो. उंचीचा रकाना ११,९०० च्या घरात सरकत असतो, उपग्रहांची संख्या नऊ-दहा असते, संकेतांची ताकद उत्तम असते. आणि पुढच्या ओळीत वेळ नेहमीप्रमाणे एका सेकंदाने पुढे गेलेली असते, पण अक्षांश-रेखांशांच्या जागी नुसते स्वल्पविराम उरतात आणि फिक्सच्या, म्हणजे स्थान मिळाले की नाही हे सांगणाऱ्या रकान्यात १ ऐवजी ० येतो. वेळ चालू आणि स्थान बंद, ही या दोषाची खूण आहे. बॅटरी बसली असती तर वेळही थांबली असती. संकेत दुबळे झाले असते तर उपग्रहांची संख्या आधी हळूहळू घसरली असती.

उपाय म्हणजे ट्रॅकर सुरू होताच मॉड्यूलला नेव्हिगेशन सेटिंगचा संदेश पाठवून मॉडेल क्रमांक ६ करणे. हे पुष्कळांना ठाऊक असते, आणि तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण आपण तो संदेश पाठवला होता असे खात्रीने सांगतात. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. संदेश पाठवणे, तो पोहोचणे आणि उड्डाणभर टिकणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक प्रोग्रॅम पहिलीच करून समाधान मानतात.

पोहोचण्याचा प्रश्न असा आहे की या संदेशाच्या शेवटी दोन बाइटांची पडताळणी-बेरीज असते. संदेश कोठून तरी उतरवून घेताना एक बाइट जरी चुकली तरी बेरीज जुळत नाही आणि मॉड्यूल तो संदेश निमूटपणे टाकून देते. नकाराचे उत्तरसुद्धा पाठवत नाही. मॉड्यूल नुकतेच जागे होत असताना पाठवलेला संदेशही असाच वाया जातो. त्यामुळे सुरू झाल्यावर एक-दोन सेकंद थांबून संदेश पाठवावा, पोच येण्याची वाट पाहावी, आली नाही तर पुन्हा पाठवावा, आणि पोच मिळाल्यानंतरही सेटिंग परत मागवून त्यातील मॉडेलचा अंक ६ आहे याची खात्री करून घ्यावी. दहाव्या पिढीच्या चिपमध्ये सेटिंग लिहिण्याची पद्धतच बदलली असल्याने निओ-६एमसाठीचा जुना संदेश तिला पाठवून उपयोग होत नाही. तिच्यासाठी नव्या पद्धतीची किल्ली-मूल्य जोडी वापरावी लागते.

याच ठिकाणी स्वस्त नकली मॉड्यूलही उघडी पडतात. निओ-६एम असे लेबल लावलेल्या कित्येक बोर्डांवर भलतीच चिप असते. ती स्थान व्यवस्थित देते, पण यू-ब्लॉक्सच्या स्वतःच्या भाषेतील संदेशांना उत्तरच देत नाही. आवृत्ती विचारणारा संदेश पाठवून पाहिल्यास पाच मिनिटांत उलगडा होतो. उत्तर न देणारे मॉड्यूल मोटारसायकलवर बसवायला चांगले आहे, फुग्यावर नको. नवे मॉड्यूल घेण्याऐवजी उतरून पडलेल्या व्हायसाला आरएस४१ या रेडिओसाँडचा (हवामान खात्याच्या फुग्याखालील मोजयंत्राचा) ट्रॅकर म्हणून फेरवापर करणारेही अनेक हौशी आहेत. त्याच्या आत यू-ब्लॉक्सचीच चिप असते आणि ते यंत्र मुळातच या उंचीसाठी घडवलेले असते.

टिकण्याचा प्रश्न, म्हणजेच बॅटरीचा प्रश्न

सर्वांत फसवा प्रकार हा आहे. जमिनीवर मॉडेल ६ असल्याची खात्री झालेली असते, फुगा सुटतो आणि तरीही १२,००० मीटरला मौन येते. येथे थंडीचा हात खरोखर असतो, पण आडून असतो. गारठलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, ट्रान्समीटर बोलू लागतो किंवा कॅमेरा कार्डावर लिहू लागतो त्या क्षणी व्होल्टेज खाली बसते, आणि जीपीएस मॉड्यूल पाव सेकंदासाठी बंद पडून पुन्हा सुरू होते. निओ-६एममध्ये सेटिंग कायम साठवणारी फ्लॅश मेमरी नसते. बोर्डावरील छोट्या राखीव सेलचा आधार नसेल किंवा तो सेल चार्जच झालेला नसेल, तर मॉड्यूल पुन्हा जागे होते ते थेट ‘पोर्टेबल’मध्ये. मोकळ्या आकाशाखाली नवा फिक्स मिळायला त्याला साधारण अर्धा मिनिट लागते, तेवढा खंड कोणाच्या लक्षात येत नाही. हे आठ किलोमीटरवर घडले तर ट्रॅकर पुढे सुमारे तेरा मिनिटे बिनबोभाट चालतो आणि मग बारा किलोमीटरला थांबतो. दोष घडला एके ठिकाणी आणि दिसला दुसऱ्या ठिकाणी.

यावरचा उपाय प्रोग्रॅममध्ये आहे आणि तो अगदी स्वस्त आहे. मॉडेल दर मिनिटाला मागवून पाहावे, ते ६ नसेल तर संदेश पुन्हा पाठवावा, आणि जमिनीकडे जाणाऱ्या प्रत्येक निरोपात तीन जादा अंक घालावेत: सध्याचे मॉडेल, उपग्रहांची संख्या आणि शेवटचा खरा फिक्स किती सेकंदांपूर्वीचा आहे. यांतला तिसरा अंक सर्वांत मोलाचा आहे. गोठलेले स्थान ताजे असल्यासारखे पाठवत राहणारा ट्रॅकर गप्प बसणाऱ्या ट्रॅकरपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण शोधपथक त्या शिळ्या ठिकाणाभोवती घिरट्या घालत बसते.

बॅटरीच्या बाबतीत एकदाच वापरायच्या लिथियम डबल-ए सेलना पर्याय शोधण्याच्या फंदात पडू नये. त्या उणे ४० अंशांपर्यंत काम देण्यासाठी बनवलेल्या असतात, तर साध्या अल्कलाइन सेल उणे १८ अंशांच्या सुमारास हात टेकतात. ट्रॅकरची बॅटरी आणि कॅमेऱ्याची बॅटरी पूर्णपणे वेगळ्या ठेवाव्यात. एकाच पॉवरबँकेवर दोन्ही चालवण्याने शंभर ग्रॅम वजन वाचते खरे, पण कॅमेऱ्याचा प्रत्येक झटका ट्रॅकरला सोसावा लागतो.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून उड्डाण करणाऱ्यांनी थंडीचा हिशेब युरोपीय आकड्यांवरून करू नये. ब्रिटनवर तापमान साधारण अकरा-बारा किलोमीटरनंतर फारसे उतरत नाही. आपल्याकडे ते १६-१७ किलोमीटरपर्यंत घसरतच राहते आणि उणे ७५ ते उणे ८० अंशांपर्यंत जाते. भारतीय हवामान विभाग मुंबईतील सांताक्रूझहून आणि पणजीहून रेडिओसाँड सोडतो आणि त्यांच्या नोंदी सार्वजनिकरीत्या पाहता येतात. उड्डाणाच्या महिन्यातील मागील वर्षीच्या नोंदी चाळल्यास आपल्या पेटीला नेमके काय सोसायचे आहे ते कळते. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर केलेली चाचणी यासाठी पुरेशी नाही. थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात तळाशी कोरडा बर्फ ठेवून त्यावर आपली बंद पेटी दोन तास, ट्रान्समीटर आणि कॅमेरा चालू ठेवून, ठेवावी. कोरड्या बर्फाचे तापमान उणे ७८ अंश असते. खोके हवाबंद करू नये आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत जिवावर बेतू शकतो. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांच्या परवानगीवाचून असे उड्डाण करता येत नाही. परवानगी मिळवायला लागणारा वेळ पाहता, जी चाचणी जमिनीवर होऊ शकते ती आकाशात करणे परवडणारे नाही.

स्थान मुळातच डळमळीत असेल तर

काही पेट्यांमध्ये ठरावीक उंची अशी नसते. स्थान अधूनमधून जाते, परत येते, उपग्रह चार-पाचांच्या वर जात नाहीत. अशा वेळी संशय कॅमेऱ्यावर घ्यावा. जीपीएसचा संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झवर अत्यंत क्षीण अवस्थेत येतो आणि व्हिडिओ चित्रित करणाऱ्या छोट्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यातून, त्याच्या कार्डातून आणि वायफायमधून निघणारा विद्युत गोंगाट तेवढ्या जवळून त्याला सहज बुडवतो. तपासणी गच्चीवर करावी. कॅमेरा बंद असताना मॉड्यूलच्या कच्च्या ओळींतील प्रत्येक उपग्रहाच्या संकेताची ताकद पाहावी; मोकळ्या आकाशाखाली काही उपग्रह चाळिशीच्या वर असावेत. मग कॅमेरा पेटीत त्याच्या नेहमीच्या जागी ठेवून चित्रीकरण सुरू करावे. आकडे विशीत घसरले तर निदान पक्के झाले. कॅमेऱ्याचे वायफाय बंद करणे, अँटेना पेटीच्या झाकणावर आणि कॅमेरा तळाशी ठेवून वीस-तीस सेंटिमीटर अंतर राखणे आणि अँटेनाखाली धातूची पातळ चकती देणे, एवढ्याने बहुधा भागते. तांब्याच्या पट्टीने कॅमेरा गुंडाळण्याचा सल्लाही दिला जातो. मात्र बंद गुंडाळलेला कॅमेरा विरळ हवेत तापतो, कारण ३० किलोमीटरवर दाब जमिनीवरच्या सुमारे एक टक्का असतो आणि उष्णता वाहून न्यायला हवाच उरत नाही. म्हणून अंतर वाढवण्याचा उपाय आधी करून पाहावा.

फुगा वर असतानाच ट्रॅकर गप्प झाला तर

मौन १२ किलोमीटरला आले असेल, तर सर्वप्रथम रिसीव्हर बंद करू नये. खाली उतरताना पेटी पुन्हा १२ किलोमीटरच्या आत आली की बहुतेक मॉड्यूल आपोआप बोलू लागतात. सेकंदाला पाच मीटरने १२ पासून ३० किलोमीटरपर्यंत जायला एक तास, आणि फुटल्यानंतर विरळ हवेतून वेगाने १२ पर्यंत परत यायला आणखी पाव तास, म्हणजे सुमारे सव्वा तास शांतता धरून चालावी. त्यानंतर जमिनीवर टेकेपर्यंत साधारण अर्धा तास मिळतो आणि त्यात शोधपथकाने योग्य बाजूला पोहोचलेले असणे आवश्यक आहे. ३० किलोमीटरवरील पेटीचे क्षितिज ६०० किलोमीटरच्या पुढे असल्याने ब्रिटनमधील हौशींचे १० मिलिवॉटचे ट्रान्समीटरही दूरवर ऐकू येतात, पण जमिनीलगत आल्यावर तोच आवाज टेकडीआड जातो. जमिनीजवळ आल्यावरच नेटवर्क पकडणाऱ्या फोनवर विसंबून राहणाऱ्यांना तर शेवटच्या टप्प्यापर्यंत वाट पाहावीच लागते. २००९ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी सुमारे १५० डॉलर खर्चून सुमारे २८ किलोमीटरपर्यंत पाठवलेल्या कॅमेऱ्यासोबत स्वस्त प्रीपेड फोनच ट्रॅकर म्हणून होता.

मधल्या सव्वा तासात पेटी कुठे जाईल याचा अंदाज खालच्या वाऱ्यावरून बांधणे ही पावसाळ्यात आपल्याकडे मोठी चूक ठरते. जून ते सप्टेंबरमध्ये खाली पश्चिमेचे वारे असतात, त्यामुळे फुगा पूर्वेकडे सरकताना दिसतो आणि पथक गाडी पूर्वेकडे पळवते. मात्र १४ ते १६ किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे नेमके ट्रॅकर गप्प असताना, दक्षिण भारतावर पूर्वेकडून येणारा जोरदार जेट प्रवाह असतो आणि तो पेटीला उलट दिशेने, समुद्राच्या बाजूला रेटतो. केंब्रिज विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या स्पेसफ्लाइट संस्थेने बनवलेला उतरण्याच्या ठिकाणाचा अंदाजक सर्व थरांतील वाऱ्यांचा हिशेब करतो. त्यात जमिनीवरून मोजलेला नव्हे, तर बारा किलोमीटरपर्यंतच्या नोंदींतून प्रत्यक्ष मिळालेला चढाईचा वेग भरावा, फुटण्याची उंची एकदा २८ आणि एकदा ३२ किलोमीटर धरून दोन उत्तरे काढावीत, आणि त्या दोन ठिकाणांच्या मधोमध, आसपासच्या प्रदेशापेक्षा उंच अशा जागी जाऊन अँटेना लावावी.